दोनदा मॅडम

दोनदा मॅडमचं खरं नाव हजेरीच्या यंत्रात होतं आणि तिथंच राहिलं. बाकी सगळे त्यांना दोनदा मॅडमच म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. कुणी काहीही नवीन करून दाखवलं की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "हे चुकून दोनदा चाललं तर?" मग ते पानभर कोड असो नाहीतर आणखी काही. मी मोठ्या हौसेनं ऑफिसात चहाचं यंत्र आणवलं, तेव्हा बाकीच्यांनी कौतुक केलं आणि मॅडमनी विचारलं, "बटण दोनदा दाबलं गेलं तर?" एवढं यंत्राला कळतं, असं मी सांगितलं आणि दाबून दाखवलं. दुसरा चहा यंत्रानं कप नसतानाच ओतला. तो माझ्या बुटांवर पडला.

आमचं ऑफिस माजलगावात धान्याच्या मोंढ्याजवळ, खताच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत. एका साखर कारखान्याच्या ऊसनोंदी सांभाळायचं काम आमच्याकडं होतं. कारखान्याची माणसं शेतोशेती फिरून कुणी कधी लागण केली, ऊस कोणत्या जातीचा, क्षेत्र किती, हे मोबाईलवर भरायची. आमचा प्रोग्रॅम, ज्याला आम्ही 'जॉब' म्हणायचो, रोज सकाळी त्या नोंदी गोळा करायचा, त्यांतल्या चुका वेगळ्या काढायचा, तोडणीचा क्रम लावायचा आणि शेतकऱ्याला मेसेज पाठवायचा की तुमचा ऊस अमुक तारखेला तुटेल. तसाच मेसेज ऊसतोड मजुरांच्या मुकादमाला जायचा, म्हणजे टोळी कोणत्या फडात न्यायची हे त्याला कळायचं. बाहेरच्या जगात याला डेटा इंजिनिअरिंग म्हणतात. वडवणीत माझे वडील "पोरगा उसाच्या मेसेजवर हाय" असं सांगायचे.

मी तिथं पुण्याहून आलो होतो. कंपनीनं मला कमी केलं होतं, आणि मी गावात 'वर्क फ्रॉम होम' चालू आहे असं सांगितलं होतं. होम वडवणीत होतं आणि वर्क कुठंच नव्हतं. मुलाखतीला गेलो तेव्हा माझ्या लॅपटॉपवर इतके स्टिकर होते की मूळ रंग दिसत नव्हता. मॅडमनी माझा बायोडेटा वाचला आणि विचारलं, "तुमी लिहिलेला जॉब चुकून दोनदा चालला तर काय होतं?" मी उत्तर इंग्रजीत सुरू केलं. स्ट्रीमिंग, क्लस्टर, स्केल, सगळं त्यात आलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "हे लई चांगलं हाय. पण दोनदा चालला तर?" मला तेव्हा उत्तर येत नव्हतं. तरी मला घेतलं. पुढं शैलाकडून कळलं की दुसरा उमेदवार आलाच नव्हता.

शैला आणि गफूर ही टीममधली आणखी दोन माणसं. शैला सिरसाळ्याची, मितभाषी आणि कामाला पक्की. गफूर माजलगावचाच, आणि त्याला मितभाषी कुणी म्हणणार नाही. मॅडमना हा दोनदाचा ध्यास का लागला हे त्यानंच मला सांगितलं. मी यायच्या आधीच्या हंगामात सकाळचा जॉब अर्ध्यात असताना लाईट गेली. लाईट आल्यावर कुणीतरी तो पुन्हा पहिल्यापासून चालवला. निम्म्या शेतकऱ्यांना दोन-दोन तारखा गेल्या. एका फडात दोन टोळ्या येऊन उभ्या राहिल्या आणि शेजारच्या गावात एक शेतकरी तयारी करून बांधावर दिवसभर बसून राहिला. मॅडम स्कूटीवरून त्या फडात गेल्या. बाया लेकरं पाचटावर टेकवून उभ्या होत्या, आणि आधी कोयता कुणी घालायचा यावरून दोन्ही मुकादमांची जुंपली होती. त्यांतला एक मॅडमना म्हणाला, "बाई, तुमच्या मशीनला सांगा, आमी माणसं हावोत. आमाला रिकामं पाठवायचं आन परत बोलवायचं, असं न्हाई जमत." त्यानंतर मॅडमनी सगळे जॉब नव्यानं लिहून घेतले. कितीही वेळा चालवला तरी एकदाच चालवल्यासारखं दिसलं पाहिजे, हा त्यांचा पहिला कायदा झाला.

दुसरा कायदा खास माझ्यासाठी झाला असावा. दर सोमवारी मी एक नवीन टूल घेऊन यायचो. रविवारी व्हिडिओ पाहायचा आणि सोमवारी त्याशिवाय जग कसं चाललंय याचं आश्चर्य करायचं, हा माझा नेम होता. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "हे सकाळी बंद पडलं तर कोण उठवणार?" मी हात वर करायचो. "आन तुमी वडवणीला गेलात तर?" माझा हात खाली यायचा. शेवटी त्यांनी नियमच केला: एका वर्षात एकच नवं हत्यार, आणि तेही गाळप हंगाम संपल्यावर. कोडमधला प्रत्येक बदल कुणी, कधी आणि कशासाठी केला याचा इतिहास ठेवणारं गिट त्यांना प्रिय होतं. दुसरी प्रिय गोष्ट म्हणजे एक साधं पान, ज्यावर कालच्या आणि आजच्या नोंदी शेजारी शेजारी दिसायच्या. आजच्या नोंदी फारच कमी दिसल्या तर प्रोग्रॅम आपला आपण थांबायचा, मेसेज पाठवायचा नाही. "उशिरा गेलेल्या मेसेजचं बोलणं खाता येतं," त्या म्हणायच्या. "चुकीचा गेला तर टोळी हिंडती."

पण माझा खरा छळ व्हायचा तो कोड तपासताना. एकाचं कोड दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे सगळीकडंच असतं. मॅडम ते मोठ्यानं वाचायला लावायच्या, आणि लिहिणाऱ्यानं नाही, दुसऱ्यानं वाचायचं. मला माझ्या कोडचा अभिमान होता. त्यातल्या नावांत ग्रीक देव होते, अंतराळ होतं. गफूर ते कीर्तनाच्या चालीत वाचायचा. "आता हा झ्यूस घेतो ओरायनला, आन देतो फायनल-फायनल-दोनला. पुणेकर, हे फायनल-फायनल-दोन म्हंजे कोण बे?" तो शेतकऱ्यांच्या लागण-तारखांचा तक्ता होता. "मग 'लागण_तारीख' म्हणायला काय झालतं?" मॅडम शांतपणे विचारायच्या. त्यांनीही मला 'पुणेकर' म्हणायला सुरुवात केली होती. मी वडवणीचा आहे, असं मी दोन-चार वेळा बोलून पाहिलं. कुणावर परिणाम झाला नाही. दुसऱ्याच्या तोंडून आपलं लिखाण ऐकण्यासारखा आरसा नाही. महिनाभरात माझे सगळे देव गेले.

बॅकअपच्या बाबतीत त्या जरा संशयी होत्या. "बॅकअप घेतला म्हणू नका, परत उभा केला म्हणा," असं त्यांचं वाक्य होतं. दर महिन्याला एकानं कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळा डेटा बॅकअपमधून पुन्हा उभा करायचा आणि बाकीच्यांना दाखवायचा. हे काम मला हमालीचं वाटे. मी ते तोंड वाकडं करून करायचो, आणि मॅडमनी पाहावं म्हणून ते जरा जास्तच वाकडं करायचो. त्यांनी कधी पाहिलं नाही.

एका हंगामात, ऐन तोडणीच्या गर्दीत, एका पुढाऱ्यांचे पुतणे पांढरी गाडी घेऊन ऑफिसात आले. काकांचा ऊस क्रमात खाली होता, तो वर घ्यायचा होता. आमचे मालक भला माणूस, पण असल्या पाहुण्यांसमोर त्यांचा आवाज आत जाई. त्यांनी पाहुणे मॅडमकडं पाठवले. मॅडमनी चहा दिला आणि सांगितलं, "बदल करता येतो, दादा. दोघांची मंजुरी लागती, कारण लिहावं लागतं, आन ते कारण तुमच्या नावानिशी कारखान्याच्या बोर्डावर लागतं. लिहू का?" दादा हसले आणि उठले. जिन्यात त्यांनी मला गाठलं. तुमच्यासारखा पुण्यातला मोठा इंजिनिअर इथं असल्या बाईच्या हाताखाली का, एवढंसं काम तुम्हाला चुटकीसरशी जमेल, असं बरंच बोलले. मी आयुष्यात एवढा ताठ उभा राहिलो नव्हतो. मी ठाम नकार दिला. तो नकार मी नंतर पुष्कळ जणांना सांगितला. एकच गोष्ट सांगायची राहून गेली: चालू डेटाला हात लावायचा पासवर्ड मला दिलेलाच नव्हता.

तो फक्त मॅडमकडं होता.

त्याच हंगामात मॅडमच्या आईंना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांना अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवलं. मॅडम तिथूनच काम बघायच्या. एका दुपारी कारखान्यातून त्यांना फोन आला: सिरसाळ्याकडच्या एका गावाच्या नोंदी दोन-दोन वेळा भरल्या गेल्यात, संध्याकाळच्या आत जादाच्या काढून टाका. एरवी त्यांनी तो बदल लिहून आमच्याकडं वाचायला पाठवला असता. त्या दिवशी डॉक्टर आत बोलवत होते. त्यांनी दवाखान्याच्या बाकावर बसून लॅपटॉप उघडला आणि हातानं नोंदी काढून टाकल्या. घाईत गावाची आणि जादाची, दोन्ही अटी लावायच्या राहिल्या. जादाच्या नोंदींऐवजी सिरसाळा गटातल्या सगळ्या गावांच्या सगळ्या नोंदी गेल्या.

फोन गफूरनं उचलला आणि स्पीकरवर टाकला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "गफूर, सिरसाळा गटाच्या सगळ्या नोंदी मी उडवल्यात. सकाळचा जॉब थांबवा. पुणेकरला बॅकअप उभा करायला सांगा. मी निघाले."

त्यातला एक शब्द माझ्या कानात राहिला. आमच्याकडं नोंदी उडायच्या, सर्व्हर पडायचा, फाईल हरवायची. सगळं आपलं आपण व्हायचं, त्याला कुणी कर्ता नसायचा. पुण्यातही नसायचा, फक्त तिथं इंग्रजीत नसायचा. "उडवल्यात" असं म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा ऐकलं.

बॅकअप मी उभा केला. हातांना काम पाठ होतं. तोंड वाकडं करून इतके महिने केलं होतं तेच, त्याच क्रमानं. मध्ये शैलानं पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. मॅडम पोचल्या तोवर नोंदी परत आल्या होत्या. बॅकअप मात्र पहाटेचा होता. त्या दिवशी दिवसभरात भरलेल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. त्या माणसं धाडून पुन्हा घ्याव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी मेसेज उशिरा गेले आणि एक टोळी दुपारपर्यंत कामाविना बसली. मॅडम त्या टोळीच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, गेल्या आणि चूक कारखान्याची नाही, माझी आहे, असं सांगून आल्या. मी सोबत होतो. मुकादमानं ऐकून घेतलं आणि बसायला पोतं टाकलं. एक बाई म्हणाली, "मग बसा की, च्या तर घ्या." एवढंच झालं.

आमच्याकडं काही बिघडलं की बैठक व्हायची, आणि तिथं 'कुणी' हा प्रश्न विचारायचा नाही, 'कसं' एवढंच विचारायचं, असा रिवाज होता. "कुणी ते विचारायला पोलीस हायेत," मॅडम म्हणायच्या. या वेळी त्यांनी बैठक मला चालवायला सांगितली. खरं सांगायचं तर मला आतून जरा गोड वाटलं. ज्यांच्यासमोर माझे सगळे देव गेले, त्यांची चूक फळ्यावर मी लिहिणार होतो. मी नवा शर्ट घातला होता. मोठ्या मनानं बोलत बोलत लिहायला सुरुवात केली, "मॅडमच्या आईंची तब्येत पाहता, त्या ताणाखाली..."

"आईला मधी आणू नका," मॅडम म्हणाल्या. "आई बरी झाली म्हणून हे परत होणार न्हाई का?"

मी पुसलं आणि खडू घेऊन उभा राहिलो. शेवटी शैलाच बोलली. सहसा ती बैठकीत बोलत नसे. "मॅडम, आमच्यापैकी कुणाला हे करता आलंच नसतं. आमच्याकडं पासवर्ड न्हाई."

"तेच लिहा," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या सगळ्यांवर मी कुलूप लावलं आन एक किल्ली माझ्यापाशी ठेवली. मला वाटायचं, अडीनडीला लागती. माझा माझ्यावर लई भरवसा होता." मग गफूरकडं वळून म्हणाल्या, "माझा पासवर्ड आत्ता बंद करा. समोर."

गफूरनं केला. केल्यावर स्क्रीन वळवून त्यांना दाखवली. नव्या शर्टात मी फळ्यापाशी उभा होतो. मला बसावंसं वाटत होतं, पण कुणी बसा म्हणेना.

आमच्यापुरतं ते तिथं संपलं. पण पांढऱ्या गाडीच्या कानावर गेलं होतं. पुतणे कारखान्यात बसून म्हणाले की शेतकऱ्यांचा ऊस असल्या हातांत कसा ठेवायचा. कारखान्यानं मालकांना विचारलं, मालकांनी मॅडमना बोलावलं. दार बंद होतं, पण भिंती पातळ होत्या. मालक म्हणत होते, हंगाम संपेपर्यंत रजा घ्या, मग बघू. मॅडम म्हणाल्या, "रजा कशाला? आईला लातूरला हलवायचंय, तिथंच एका दवाखान्यात काम मिळतंय. मी जाते. पण महिनाभर थांबू द्या. मला एकटीला ठाऊक हायेत अशा लई गोष्टी इथं राहिल्यात. तेवढ्या काढून देते." आम्ही तिघांनी मालकांकडं जायचं ठरवलं. मी भाषण तयार केलं, अर्थात इंग्रजीत. मॅडमनी दारातच अडवलं. "काय बोलायचंय ते काम नीट करून बोला," म्हणाल्या, आणि मी भाषण खिशात घातलं.

तो महिना विचित्र गेला. मधूनच एखाद्या सकाळी मॅडम येऊन म्हणायच्या, "आज मी न्हाई." मग त्या पलीकडच्या खोलीत खुर्ची घेऊन बसायच्या, आईसाठी काही विणायच्या, आणि आम्ही काहीही विचारलं तरी उत्तर द्यायच्या नाहीत. दार उघडंच असायचं. एकदा कारखान्याकडून नोंदी वेगळ्याच साच्यात आल्या आणि प्रोग्रॅम थांबला. मी दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी सुईवरून नजर वर केली नाही. मी म्हणालो, "मॅडम, फक्त हो किंवा नाही सांगा." त्यांनी पुढचा टाका घातला. मला इतका राग आला की मी परत जाऊन ते शोधून काढलं. पुरते दोन तास लागले. त्यांना दोन मिनिटं लागली असती, आणि त्या दारातून मला डोकं खाजवताना पाहत बसल्या होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "कसं सापडलं ते लिहून ठेवा. तुमी पण एक दिवस नसणार." प्रत्येक 'नाही'च्या दिवशी आमच्या सामायिक फाईलमध्ये एखादं पान वाढायचं: अमुक बिघडलं तर आधी हे बघा. शेवटच्या आठवड्यात त्या अशा दिवशी बाहेरच निघून जायच्या, आणि आमच्या ते जेवायच्या सुट्टीत लक्षात यायचं.

निरोपाला मालकांनी शाल दिली. ते चार शब्द बोलायला उभे राहिले आणि तीन बोलून बसले. मॅडमनी शाल घडी करून पिशवीत ठेवली, शैलाच्या पाठीवर हात फिरवला, गफूरला "कमी बोल" म्हणाल्या, आणि माझ्यासमोर जरा थांबल्या. मला वाटलं, आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार. "पुणेकर," त्या म्हणाल्या, "सोमवारी जरा कमी बोलत चला." आणि लातूरच्या गाडीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही वेळेआधी हजर. सकाळचा जॉब लागला, चालला, संपला. मेसेज गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. कागदोपत्री टीमचा प्रमुख आता मी होतो, आणि प्रमुखाला करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. एखादी गोष्ट अडेल, आम्हाला लातूरला फोन करावा लागेल, मॅडम वैतागतील, मग सांगतील, असं आम्ही तिघंही मनात धरून बसलो होतो. काही अडेना. पंधरा दिवस गेले. गफूर म्हणाला, "काहीतरी पडायला पाहिजे राव. निदान छोटं." शैला म्हणाली, पडलं तरी लिहून ठेवलेलं हाय. गफूर म्हणाला, "तेच तर."

शेवटी मीच फोन केला. कारखान्याकडून आलेल्या त्या वेगळ्या साच्याबद्दल काहीतरी विचारलं. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हे तर तुमीच शोधून काढलं होतं की," त्या म्हणाल्या. "फाईलमधी तुमच्याच हातचं पान हाय."

"हो," मी म्हणालो. "खात्री करून घेतली."

पलीकडं दवाखान्याचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. मॅडमनी फोन ठेवला नाही. म्हणाल्या, "आई आता काठी घेऊन दारापर्यंत येती. शैलाला सांगा, ती विचारत होती." मग म्हणाल्या, "कोपीवरली ती च्या पाजणारी बाई परत भेटली का?"

मी सांगू लागलो. शैला खुर्ची ओढून जवळ आली, गफूर उठून माझ्या टेबलाला टेकला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि मध्ये ठेवला. त्यानंतर बराच वेळ आम्ही चौघं बोलत होतो, आणि कामाचं आमच्यापैकी कुणालाच काही विचारायचं नव्हतं.